डेस्कटॉप सारखा गोठतोय? फॉरमॅट मारण्याआधी दोष कुठला ते शोधा

मिरजेत माझ्या ताईचं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. गेल्या वर्षी ऐन प्रवेशाच्या दिवसांत तिचा डेस्कटॉप रोज चार-पाच वेळा गोठायला लागला. समोर पालक कागदपत्रं घेऊन उभे, अर्ज अर्धा भरलेला, आणि पडद्यावरचा बाण जागचा हलेना. मग बटण दाबून धरायचं, बंद करायचा, परत चालू करायचा, अर्ज परत पहिल्यापासून भरायचा. दुरुस्तीला नेला तर फॉरमॅट मारून, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकून मिळाला. दोन दिवस बरा चालला. पुन्हा नेला, पुन्हा फॉरमॅट. तिसऱ्या वेळी 'रॅम कमी पडतेय' म्हणून आठ जीबी रॅम वाढवली. साडेचार हजार रुपये गेले आणि संगणक गोठायचा तो गोठतच राहिला. शेवटी दोष निघाला एका साटा केबलमध्ये, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या शंभर रुपयांच्या आतल्या वस्तूत.

ती केबल कशी सापडली ते पुढे डिस्कच्या भागात येईल. त्या तिन्ही वेळी कुणी काही तपासलंच नव्हतं, हे मला खरं खुपलं. संगणक गोठण्याची कारणं दहा-बारा असतात, पण प्रत्येक कारण आपली काही ना काही खूण सोडतं. ती ओळखायला इंजिनिअर असावं लागत नाही. एक वही, एक पेन ड्राइव्ह, दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर, फिलिप्स स्क्रूड्रायव्हर आणि दोन-तीन मोकळ्या संध्याकाळी एवढं पुरतं.

काम सुरू करण्याआधी एक नियम घालून घ्या: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. रॅम पुसली, केबल बदलली, पंखा साफ केला, सगळं एकाच बैठकीत केलं आणि संगणक सुधारला, तर कशामुळे सुधारला ते कधीच कळणार नाही. महिन्याने पुन्हा गोठला की परत शून्यापासून सुरुवात करावी लागेल.

आधी डेटा बाहेर काढा

फोटो, टॅलीचा बॅकअप, मुलांचे प्रोजेक्ट, ग्राहकांच्या फायली, जे परत मिळणार नाही ते सगळं आजच दुसऱ्या डिस्कवर घ्या. डिस्कच मरणाला टेकलेली असेल तर पुढच्या चाचण्यांचा ताण तिला सोसणार नाही. कॉपी करतानाच संगणक गोठत असेल तर सगळ्यात महत्त्वाचं फोल्डर पहिलं घ्या, आणि कुठल्या फायलीवर अडकतो तेही टिपून ठेवा. दर वेळी त्याच फायलीवर अडकत असेल तर डिस्कवर संशय घ्यायला तेवढं पुरेसं आहे.

गोठतं म्हणजे नेमकं काय होतं?

ही पायरी सगळे गाळतात, आणि माझ्या मते निम्मं निदान इथेच होतं. संगणक पुढच्या वेळी गोठेल तेव्हा लगेच बटणाकडे हात नेऊ नका. दोन मिनिटं थांबा आणि बघा.

कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर आत यंत्रणा जिवंत आहे, ती कशाची तरी वाट बघत अडकली आहे. बहुतेक वेळा डिस्कची, कधी ग्राफिकची, कधी एखाद्या सॉफ्टवेअरची. दिवा ढिम्म राहिला तर सगळंच थांबलंय, आणि मग संशय रॅम, प्रोसेसर, मदरबोर्ड आणि एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) यांच्याकडे वळतो.

मागे एखादं गाणं लावून काम करा. पडदा गोठला तरी गाणं चालू राहिलं तर ग्राफिक कार्ड, त्याचा ड्रायव्हर (त्याला चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा मॉनिटरची केबल बघायची. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. ग्राफिक ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, पडदा क्षणभर काळा होऊन चित्र परत आलं तर चोर जवळपास सापडलाच. गाण्याचा एकच तुकडा 'टर्रर्रर्र' करत अडकला तर मात्र पूर्ण यंत्र गोठलेलं आहे.

बाण हलतोय, पण ज्यावर क्लिक करावं ते 'नॉट रिस्पॉन्डिंग' होतंय, आणि कॅबिनेटवरचा डिस्कचा छोटा दिवा न लुकलुकता सलग पेटून राहिलाय, हे डिस्कचं किंवा तिच्या केबलचं ठळक लक्षण. आधी मंद होतो, पंखा जोरात ओरडतो आणि मग बंदच पडतो, हे उष्णतेचं. काही इशारा न देता धाडकन रीस्टार्ट होतो, तेही गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग चालू असताना, तेव्हा एसएमपीएसकडे आधी बघा.

आता वेळ लिहा. दुपारीच गोठतो का? चालू केल्यावर पाचव्या मिनिटाला की तीन तासांनी? कुणी हात न लावता नुसता पडून असताना गोठतो का? पाण्याची मोटर किंवा फ्रिज सुरू होतो त्या क्षणी? पेन ड्राइव्ह लावताना? टेबलाला धक्का लागला की? आठवडाभराच्या अशा पाच-सहा नोंदी जमल्या की वहीच बोलायला लागते.

विंडोजची स्वतःची नोंदवही

स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलं की विश्वासार्हतेचा इतिहास दाखवणारी खिडकी येते. त्यात रोजचा रकाना असतो आणि लाल फुल्या दिसतात. फुल्या कधीपासून सुरू झाल्या ते बघा. त्याच दिवशी एखादा ड्रायव्हर किंवा अपडेट आलेलं असेल तर हार्डवेअर उघडण्याआधी ते काढून बघणं शहाणपणाचं.

जास्त खोलात जायचं तर इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्जमधल्या सिस्टिममध्ये गोठण्याच्या वेळेच्या आसपासच्या नोंदी वाचा. 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की अनेकजण एसएमपीएस बदलायला धावतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की संगणक नीट बंद न होता एकदम बंद झाला. तुम्ही बटण दाबून धरलं तरी तीच नोंद पडते. कामाच्या नोंदी वेगळ्या आहेत. स्रोत 'डिस्क' आणि क्रमांक ७ म्हणजे डिस्कवर खराब जागा सापडली. १५३ म्हणजे वाचा-लिहायची मागणी पुन्हा करावी लागली, १२९ म्हणजे डिस्क उत्तर देईना म्हणून तिला रीसेट करावं लागलं. 'डिस्प्ले ४१०१' म्हणजे ग्राफिक ड्रायव्हर थांबला आणि सावरला. 'डब्ल्यूएचईए-लॉगर' या नावाची नोंद आली तर हार्डवेअरनेच स्वतःहून चूक कळवली आहे. प्रोसेसर, रॅम किंवा पीसीआय स्लॉट यांपैकी कुणाची, ते तिच्या तपशिलात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. आणि काहीच नोंद नसेल तर तीही माहितीच आहे: यंत्र इतकं झटक्यात गोठलं की लिहायलाही वेळ मिळाला नाही.

दोष विंडोजचा की यंत्राचा?

हे ठरवायला फॉरमॅट लागत नाही. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाका, संगणक बंद करून हार्डडिस्क-एसएसडीच्या केबली काढा आणि पेन ड्राइव्हवरून 'ट्राय' पर्यायाने चालू करा. इन्स्टॉल काही करायचं नाही. व्हिडिओ लावून दोन-तीन तास चालू ठेवा. आताही गोठला तर विंडोज निर्दोष आणि डिस्कही निर्दोष, एका चाचणीत दोघं सुटले. नाही गोठला तर तसाच बंद करून फक्त डिस्क परत जोडा आणि पुन्हा पेन ड्राइव्हवरूनच चालवा, डिस्कवरच्या फायली उघडून बघा. आता गोठला तर संशय डिस्कवर किंवा तिच्या केबलवर, नाही गोठला तर विंडोजवर.

याहून सोपी एक चाचणी म्हणजे बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) शिरायचं आणि अर्धा तास तसंच सोडून द्यायचं. तिथे विंडोज नाही, ड्रायव्हर नाहीत. तिथेही घड्याळाचे सेकंद थांबले तर प्रश्न नक्कीच यंत्राचा.

भिंतीपासून सुरुवात

कॅबिनेट उघडण्याआधी वीज तपासा. आपल्याकडे, विशेषतः जुन्या वाड्यांत, भाड्याच्या गाळ्यांत आणि गावाकडच्या घरांत, अर्थिंगची पिन असते पण तिच्यामागे वायरच नसते. कॅबिनेटच्या पत्र्याला उलटा हात लावला की झिणझिण्या येतात ना, त्या त्यामुळेच. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेले फिल्टर कपॅसिटर पत्र्यावर थोडा गळतीचा प्रवाह सोडतात. अर्थिंग असतं तेव्हा तो जमिनीत जातो, नसतं तेव्हा पत्रा तरंगत राहतो. तोच तरंगणारा पत्रा प्रिंटर, टीव्ही, लॅन केबल यांना जोडला की विचित्र दोष उपटतात.

मल्टिमीटर एसी ७५० किंवा ६०० व्होल्टवर ठेवून सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ अशा तीन मापणी घ्या. पहिल्या दोन २३० च्या आसपास आणि एकमेकींच्या जवळ हव्यात, तिसरी दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ फारच कमी आलं तर अर्थिंग नाही असं समजा. सॉकेटशी काम करायची सवय नसेल तर हे वायरमनकडून करून घ्या, यात संकोच नको.

यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. मग विजेचा छोटासा झोल आला तरी यूपीएस बॅटरीवर जायचा प्रयत्न करतं आणि तिथेच संगणक अडखळतो. एक दिवस यूपीएस बाजूला ठेवून थेट चांगल्या सॉकेटवर चालवून बघा. त्याच वेळी प्रिंटर, वेबकॅम, यूएसबी हब, पेन ड्राइव्ह सगळं काढा, फक्त कीबोर्ड-माउस ठेवा. यूएसबीच्या खोलगट पोर्टमधली एखादी वाकलेली पिनही पूर्ण यंत्र गोठवू शकते.

उष्णता

एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका, फक्त सेन्सर दाखवायला सांगा आणि काम करत राहा. नुसता चालू असताना प्रोसेसर ३५ ते ५० अंशांत आणि जोरात काम करताना ८०-८५ पर्यंत असेल तर चिंता नाही. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, एएमडीच्या रायझनची ९० ते ९५. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते, तेव्हा हिवाळ्यात बरे वाटणारे आकडे तिथे चालत नाहीत. एक खुलासा इथे हवा. आजचे प्रोसेसर तापले की आधी स्वतःचा वेग कमी करतात आणि अगदीच झालं तर बंद पडतात. नुसतं गोठून उभं राहणं हे त्यांचं नेहमीचं वागणं नाही. त्यामुळे तापमान ६० अंश दिसत असताना गोठत असेल तर प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्ट बदलण्यात संध्याकाळ घालवू नका.

तापत असेल तर उघडा. मेन स्विच बंद, केबल काढा, मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला भार उतरतो. उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. पंख्याच्या पात्यांवरची धूळ सगळे पुसतात, पण खरा त्रास पात्यांखाली असतो. पंखा काढलात की हीटसिंकच्या पातळ पत्र्यांवर धुळीचा, केसांचा, कापसाचा दाबून बसलेला थर दिसेल, नखाने उचलला तर चटईसारखा अख्खा निघतो. हवा त्याच्या आरपार जातच नाही. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. भरधाव फिरला तर बेअरिंग जातं आणि उलटी वीज बोर्डात शिरू शकते.

पेस्ट वाळून खडूसारखी झाली असेल तर औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून पुसा आणि वाटाण्याएवढा एकच ठिपका टाका. इंटेलच्या डब्यातल्या कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात, त्या समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या आणि प्रत्येकीचा 'टक्' ऐकायचा. चारपैकी एक सुटी राहिली तर चालू केल्याबरोबर पारा ९०-१०० कडे धावतो. मदरबोर्डच्या मागून हात फिरवून चारही टोकं बाहेर आलीत का बघा.

डिस्क, केबल आणि ताईचं दुकान

क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर डिस्कची स्वतःची तब्येत-नोंद वाचून दाखवतं. वर निळ्या रंगात 'गुड' लिहून आलं की लोक समाधानाने खिडकी बंद करतात. तसं करू नका, खालचे आकडे वाचा. ते सुरुवातीला षोडशमान (अंक आणि ए ते एफ अक्षरं मिसळलेल्या) पद्धतीत दिसतात, म्हणून फंक्शन, अ‍ॅडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज या वाटेने जाऊन दहाचा पर्याय निवडा. मग या चार ओळी शोधा.

०५ ही खराब झाल्यामुळे बदलून घेतलेल्या सेक्टरांची (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांची) संख्या. सी५ म्हणजे संशयास्पद, निकालाच्या प्रतीक्षेतले सेक्टर. सी६ म्हणजे वाचताच न येणारे. हार्डडिस्कमध्ये या तिन्ही ठिकाणी शून्य हवं. सी५ मध्ये पाच-दहा दिसले तरी डिस्क वाचताना अडखळणार, एका सेक्टरवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसणार, आणि तेवढा वेळ विंडोज गोठलेलं दिसणार. आकडा आठवड्याला वाढत असेल तर नवी डिस्क घ्या, दुरुस्तीच्या फंदात पडू नका. बॅकअपशिवाय चेकडिस्क या विंडोजच्या डिस्क-तपासणीची सगळ्यात खोल तपासणीही चालवू नका. दुखऱ्या डिस्कला ती तासन्‌तास घासायला लावते.

चौथी ओळ सी७. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या रस्त्यात किती वेळा माहिती बिघडून पोचली, त्याची ही मोजणी आहे. इथे दोष डिस्कचा नसतो, रस्त्याचा असतो.

ताईच्या साटा एसएसडीत पहिल्या तीनही ओळींत शून्य होतं. सी७ मध्ये १,०४३. मी आकडा वहीत लिहिला आणि म्हटलं, "ताई, तू नेहमीसारखं काम कर, मी नुसता बघत बसतो." दोन तासांनी आकडा १,०५२ झाला. मग एका बाई आल्या, ताईने खुर्ची पुढे ओढली, तिचा गुडघा टेबलाखालच्या कॅबिनेटला लागला आणि बाण थांबला. डिस्कचा दिवा सलग लाल. चाळीसेक सेकंदांनी जाग आली तेव्हा आकडा होता १,०६१. कॅबिनेट उघडलं तर लाल केबल कनेक्टरपासून जेमतेम बोटभर अंतरावर काटकोनात दुमडलेली, आणि बाजूचा पत्रा तिच्यावर टेकत होता. टोकाला अडकवणारी धातूची क्लिपही नव्हती. पत्रा लावून अंगठ्याने दाबला की गोठायचं, सोडला की सुटायचं. फॉरमॅटला नेताना-आणताना केबल जराशी सरकायची, म्हणून दोन दिवस बरे जायचे. ताई एवढंच म्हणाली, "म्हणजे माझा गुडघाच कारण." गुडघा नव्हे, पण तो नसता तर केबल सापडायला आणखी वेळ लागला असता.

म्हणून केबल नेहमी क्लिपवाली घ्या, दुमडू नका, आणि बदलताना मदरबोर्डवरचं पोर्टही बदलून बघा. सी७ चा जुना आकडा कधी पुसला जात नाही. तो तिथेच थांबला की काम झालं.

केबलशिवाय थेट मदरबोर्डवर बसणाऱ्या एनव्हीएमई एसएसडीत या ओळी नसतात. तिथे 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' शून्य आहे का आणि 'अव्हेलेबल स्पेअर' खाली आलंय का ते बघा. तापमान ७०-८० च्या पुढे गेलं की त्या मंदावतात, अशा वेळी छोटा हीटसिंक पुरतो. कुठलीही एसएसडी काठोकाठ भरली की लिहिताना अडते, दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवा. फर्मवेअरही (एसएसडीच्या आतलं तिचं स्वतःचं सॉफ्टवेअर) बघून घ्या. क्रुशियलच्या एम४ या एसएसडीत अशी चूक होती, की एकूण ५,१८४ तास चालून झाल्यावर ती उत्तर द्यायचं थांबायची आणि पुढे चालू केल्यावर दर तासाने तेच व्हायचं. २०१२ मध्ये नवं फर्मवेअर आलं आणि प्रश्न मिटला. असा दोष कुठल्याही फॉरमॅटने गेला नसता.

रॅम

विंडोजमधलं मेमरी डायग्नॉस्टिक ढोबळ तपासणीला ठीक, पण त्यात काही सापडलं नाही म्हणून रॅम चांगली असं मानू नका. पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ टाकून रात्रभर लावा, फुकट आवृत्तीत चार फेऱ्या होतात. रॅमच्या बाबतीत 'थोड्या चुका' असा प्रकार नाही. एक लाल ओळ आली तरी दोष आहे.

चूक आली की लगेच नवी रॅम आणू नका. बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) चालू असेल तर बंद करून पुन्हा चाचणी घ्या. ३२०० वर चुका आणि २४०० वर शून्य, असं असेल तर रॅम वेग सोसत नाहीये एवढंच. मग एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून तपासा. चुका पट्टीबरोबर फिरत असतील तर पट्टी खराब, पट्टी कुठलीही लावा पण चुका त्याच स्लॉटला येत असतील तर स्लॉट. वेगवेगळ्या कंपनीच्या, वेगळ्या वेगाच्या दोन पट्ट्यांची जोडी एकमेकींशी न पटून गोठवते. ताईची वाढवलेली रॅमही मी त्याच शंकेने आधी काढून पाहिली होती, तिने फरक पडला नाही.

खोडरबराने पट्टीचे सोनेरी संपर्क पुसण्याची आपल्याकडची रीत चुकीची नाही, फक्त मऊ पांढरा रबर घ्या, शाईचा खरखरीत नको. हलक्या हाताने घासा, भुसा फुंकून नव्हे तर ब्रशने झाडा, आणि शेवटी अल्कोहोलचा बोळा फिरवा. कोकणात, गोव्यात, समुद्राजवळच्या घरांत दमट हवेने संपर्क काळवंडतात आणि नुसतं एवढ्यानेच काम होऊन जातं.

एसएमपीएस

गोठणाऱ्या संगणकात मला सगळ्यात जास्त दगा देणारा भाग हाच वाटतो, कारण तो स्वतः चालू असतो. पंखा फिरतो, दिवे लागतात, म्हणून त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. असेंबल करताना पैसे वाचवायचे तर लोक इथेच वाचवतात. वर ४५० वॅट छापलेलं असतं, पण बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टखाली १८ अ‍ॅम्पिअर लिहिलेलं असेल तर गुणाकार करा: २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जगतात ते याच १२ व्होल्टवर. जीटीएक्स १६६० सारखं मध्यम कार्ड एकटंच १२० वॅटच्या आसपास घेतं. कार्ड नसलेल्या साध्या ऑफिसच्या संगणकाला हे २१६ वॅट पुरतील, नव्या कार्डानंतर गोठायला लागला असेल तर उत्तर तुमच्यासमोर आहे.

मोजायचं कसं? चार पिनांच्या मोकळ्या मोलेक्स कनेक्टरमध्ये मल्टिमीटरची काळी कांडी काळ्या वायरीला, लाल कांडी पिवळ्या वायरीला. डीसी २० व्होल्टची रेंज. ११.४ ते १२.६ मध्ये हवं. लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५. मोकळ्या संगणकावर हे आकडे जवळजवळ नेहमीच बरोबर येतात, म्हणून मोजताना प्राइम९५ किंवा ओसीसीटी ही ताण देणारी सॉफ्टवेअर लावून यंत्राला राबवा. १२.१ वरून ११.३ वर घसरताना दिसलं की निकाल लागला. सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या व्होल्टेजवर विसंबू नका, ते आकडे कधी कधी अगदीच भरकटलेले असतात.

मल्टिमीटर एक गोष्ट मात्र दाखवू शकत नाही: १२ व्होल्टवर चढलेली लहर. मानकाप्रमाणे ती १२० मिलिव्होल्टच्या आत हवी. आतले कपॅसिटर वाळले की ती वाढते, सरासरी १२ च दिसते आणि यंत्र मात्र गोठतं. म्हणून अखेरची चाचणी अदलाबदलीचीच. मित्राकडचा चांगल्या स्थितीतला एसएमपीएस दोन दिवस मागून आणा. वायरी सुट्या होणाऱ्या प्रकारातला असेल तर त्याच्या स्वतःच्याच वायरी वापरा. कनेक्टर सारखा दिसला तरी कंपन्यांची आतली जोडणी वेगळी असते, आणि चुकीच्या वायरीने डिस्क जळते.

एसएमपीएसचा डबा उघडू नका. केबल काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर भार राहू शकतो. हे काम शिकलेल्या माणसाचं.

उरलेले संशयित

ग्राफिक कार्ड तपासायला प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक असेल तर कार्ड काढून मॉनिटर मदरबोर्डला लावा आणि चार दिवस काढा. पडद्यावर रंगीत ठिपके, पट्टे येत असतील तर कार्डाची मेमरी गेली. फरमार्क हे कार्डाला ताण देणारं सॉफ्टवेअर पंधरा मिनिटं लावून बघता येतं, पण एसएमपीएसची खात्री पटल्यावरच.

मदरबोर्डवर टॉर्च मारून प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर बघा. डोकं सपाट हवं. फुगलेलं, फाटलेलं किंवा तपकिरी थेंब बाहेर आलेलं दिसलं तर तेच कारण धरा. दोनचार कपॅसिटर बदलून देणारे कारागीर अजून आहेत आणि जुन्या बोर्डासाठी ते परवडतं. गोल नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी तीन व्होल्टची असते. ती उतरली तर तारीख-वेळ मागे जाते आणि बायॉसच्या सेटिंग विसरल्या जातात. गोठण्याचा दोष सहसा तिचा नसतो.

पहिल्या पिढ्यांच्या रायझनवर, कुणी वापरत नसतानाच गोठत असेल तर बायॉसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' शोधून 'टिपिकल करंट आयडल' करा. प्रोसेसर झोपेत फारच कमी वीज ओढतो आणि काही जुन्या एसएमपीएसना ते झेपत नाही, म्हणून हा पर्याय आला. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या जास्त ताकदीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये वाढीव व्होल्टेजमुळे प्रोसेसर हळूहळू खराब होत असल्याचं २०२४ मध्ये इंटेलनेच मान्य केलं. ऑगस्ट २०२४ पासून त्यावरची दुरुस्ती बायॉस अपडेटमधून आली, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली गेली. असा प्रोसेसर असेल तर बायॉस अपडेट करा, पण वीज जाणार नाही अशा वेळी. आधीच झालेलं नुकसान अपडेटने भरून येत नाही, तिथे वॉरंटीचा दावाच करावा लागतो.

एवढं करूनही सापडलं नाही तर सगळं सोडवा. फक्त एवढंच जोडलेलं ठेवा: मदरबोर्ड, प्रोसेसर, एक रॅम पट्टी, अंगभूत ग्राफिक, कीबोर्ड, लिनक्सचा पेन ड्राइव्ह. चांगल्या एसएमपीएसवर हेही गोठलं तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसर, आणि त्या दोघांत मदरबोर्ड जाण्याची शक्यता बरीच जास्त. नाही गोठलं तर रोज एक वस्तू परत जोडत चला.

दुरुस्तीला न्यावंच लागलं तर 'सारखा हँग होतो' एवढंच सांगू नका. वही पुढे ठेवा: कॅप्स लॉकचा दिवा लागत नाही, लिनक्सवरही गोठतो, मेमटेस्टच्या चार फेऱ्या स्वच्छ, १२ व्होल्ट ११.९ वर स्थिर. एवढं ऐकल्यावर चांगला कारागीर थेट कामाला लागतो आणि फॉरमॅटचा विषय निघत नाही.

झालं असं कधी म्हणायचं? दोन गोठण्यांमध्ये आजवर सगळ्यात मोठा खंड जेवढा गेला असेल, त्याच्या तिप्पट दिवस बिनतक्रार गेले की. ताईकडे तो दोन दिवसांचा होता, आम्ही आठवडा मोजला. केबल बदलल्यावर कॅबिनेट टेबलाखालून काढून बाजूच्या लाकडी फळीवर ठेवलं, आणि दर सोमवारी ती सी७ चा आकडा वहीत लिहिते. दिवाळीला गेलो तेव्हा पान उलटून पाहिलं. खाली खाली, ओळीने, १,०६१.